करून पाहिलं, पण लिहिलं का?

सुट्टी लागली की विज्ञान शिबिरांची पत्रकं दारात येऊन पडतात. खायच्या सोड्यावर व्हिनेगर ओतून केलेला ज्वालामुखी, चार-पाच लिंबं जोडून लुकलुकणारा एलईडी, फुग्याच्या हवेवर पळणारी गाडी आणि शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र. मुलं खूश, पालकही खूश. शाळांतही वारं त्याच दिशेचं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले. त्याआधी २०१६ पासून नीती आयोगाच्या योजनेतून शाळाशाळांत अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहू लागल्या, एकेका लॅबला वीस लाखांपर्यंत अनुदान घेऊन. मुलांनी स्वतः करून शिकावं, हे पन्नास वर्षांपूर्वी भांडून पटवावं लागत होतं. आज ते नाकारणारा मुख्याध्यापक शोधून सापडणार नाही. वाद जिंकला गेला, पण जिंकून हातात काय आलं ते पाहायला हवं. शिबिरातून आलेल्या मुलाला ‘काय केलंस?’ असं विचारलं तर ते भरभरून सांगतं. ‘करण्याआधी तुला काय वाटलं होतं, आणि झालं काय?’ असं विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर येत नाही, कारण हा प्रश्न त्याला शिबिरातही कुणी विचारलेला नसतो.

माझं म्हणणं असं, की कृतीतून शिकण्याचा आग्रह धरताना आपण त्यातलं अर्धंच उचललं. हाताला काम दिलं, पण अंदाज बांधणं, थांबणं, नोंद करणं आणि दोन नोंदी शेजारी ठेवून पाहणं हे उरलेलं अर्धं शिबिराच्या वेळापत्रकात बसत नाही, म्हणून सुटलं. सोड्याचा ज्वालामुखी मिनिटभरात उसळतो, दर वेळी सारखाच उसळतो, आणि तो उसळणार हे आधीच ठाऊक असतं. त्यात चुकायला जागा नाही, म्हणून शोधायलाही जागा नाही. तो वाईट नाही. जादूच्या प्रयोगाइतकाच तो चांगला आहे. ज्या गोष्टी सावकाश घडतात, गावागणिक वेगळ्या घडतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा घडतात, त्या मात्र मुलाला वही उघडायला लावतात. अशा गोष्टींचा सगळ्यात मोठा आणि फुकटचा साठा म्हणजे ऋतू. आपल्या घरांत वर्षभर ऋतूंशी बांधलेली कामं चालूच असतात. त्यांतलं विज्ञान वेगळं शिकवायची गरज नाही, फक्त मोजून पाहायची गरज आहे.

नवरात्रातला घट घ्या. परडीत किंवा पत्रावळीवर शेतातली काळी माती, तीत गहू, ज्वारी, मका, मूग, हरभरा असं धान्य, मधोमध पाण्याने भरलेला मातीचा घट. या घटाला झिलई नसते, त्यामुळे पाणी त्याच्या अंगातून मातीत झिरपत राहतं आणि रोज फारसं पाणी न घालताही माती ओलसर राहते. रोपांच्या मुळाशी मडकं पुरून पाणी देण्याची पद्धत याच तत्त्वावर चालते. कितव्या माळेला कुठल्या धान्याचा कोंब वर आला, हे मुलाने लिहून ठेवलं तर पहिल्या तीन-चार दिवसांतच धान्यांचे स्वभाव कळू लागतात. मूग आपल्या दोन्ही डाळी डोक्यावर घेऊन मातीबाहेर येतो. हरभरा त्या मातीतच ठेवतो आणि नुसता कोंब वर पाठवतो. ज्वारी-गव्हाचं सुईसारखं एकच पान निघतं. दसऱ्याला टोपीत नाहीतर केसांत खोवायचे ते पिवळेधमक, लांबसडक कोंब मात्र देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्याची देणगी असतात. उजेड नसला की हरितद्रव्य तयार होत नाही, आणि बी आपली शिदोरी उजेड गाठण्यासाठी उंच वाढण्यावर खर्च करतं. हे पुस्तकातून सांगता येतं, पण दाखवायला दुसरी परडी लागते. तीच माती, तेच धान्य, तेवढंच पाणी, आणि परडी मात्र खिडकीत. नवव्या माळेला दोन्ही परड्या शेजारी ठेवल्या की एक हिरवी, बुटकी, टणक आणि दुसरी पिवळी, उंच, लवचीक. दोघींत फक्त एकच गोष्ट वेगळी ठेवली होती, हे ज्या मुलाला सांगता आलं त्याला प्रयोग म्हणजे काय ते कळलं.

दिवाळीतल्या किल्ल्याचंही तसंच. दगड, विटा, गोणपाट आणि वर चिखल, असा गड उभा राहिला की उतारांवर अळीव किंवा मोहरी पेरली जाते. मोहरी उतारावरून घरंगळते, अळीव मात्र जागीच चिकटून राहतात. अळीव भिजवले की त्यांच्याभोवती बुळबुळीत थर येतो, हे लाडू करणाऱ्या प्रत्येक घरात माहीत असतं. तोच थर बियाला मातीशी धरून ठेवतो आणि ओल टिकवतो, म्हणून जवळजवळ उभ्या कड्यावरही ते उगवतं. किल्ल्याच्या चार बाजूंना चार प्रकारे पेरणी केली, कुठे गोणपाटावर, कुठे नुसत्या मातीवर, कुठे सावलीत, कुठे उन्हात, तर भाऊबीजेपर्यंत मुलांच्या हातात चार ओळींचा एक तक्ता येतो. एवढी दोन-चार मिनिटांची भर रोज घातली तर गडावरचे मावळे आणि तोफा जागच्या जागीच राहतात, आणि किल्ला दुप्पट कामाचा होतो.

ऋतूंच्या नोंदीत सगळ्यात कमी साहित्य लागतं ते सावलीला. मीटरभर उंचीची सरळ काठी, जुन्या ज्योतिषग्रंथांतला शंकू, अंगणात किंवा गच्चीवर ओळंब्याने उभी करायची आणि दुपारची सगळ्यात आखूड सावली मोजायची. पुण्याच्या अक्षांशावर २२ डिसेंबरच्या सुमाराला ती साधारण ९० सेंटीमीटर भरते. मग दर आठवड्याला मोजत गेलं, तर १४ जानेवारीला, म्हणजे संक्रांतीला, ती ८४ सेंटीमीटरपर्यंत आलेली असते. उत्तरायण संक्रांतीला सुरू होतं असं आपण ऐकत आलो, पण काठी सांगते की सूर्य तीन आठवड्यांपूर्वीच वळला. मुलांच्या हातून इथे एक खरा, जुना आणि मोठा प्रश्न बाहेर पडतो. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डुलतो. त्यामुळे ताऱ्यांच्या आधाराने मोजलेली मकर संक्रांत आणि सूर्याचं प्रत्यक्ष वळणं यांत सुमारे ७२ वर्षांत एक दिवस एवढं अंतर पडत जातं. सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच सुमाराला येत होती. सहा सेंटीमीटरच्या फरकामागे सतराशे वर्षं उभी आहेत हे सातवीतल्या मुलाला सांगायचं, तर त्याने ते सहा सेंटीमीटर आधी स्वतः मोजलेले असले पाहिजेत.

शून्य सावलीचा दिवस आता वर्तमानपत्रांत दर मे महिन्यात गाजतो. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत, म्हणून इथल्या प्रत्येक गावावरून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावरून जातो. गोव्यात मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यात १३-१४ मेच्या सुमाराला, मुंबईत त्यानंतर दोन दिवसांनी, नागपुरात २६ मेच्या आसपास. दुसरी खेप जुलै-ऑगस्टात येते, ती बहुधा ढगांत जाते. बरणी उभी करून फोटो काढला की साजरीकरण संपतं, पण प्रश्न खरे त्यानंतर सुरू होतात. मुंबईत ही वेळ बाराला न येता १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमाराला का येते आणि नागपुरात १२ वाजून १० मिनिटांनीच का? पुणे आणि नाशिक जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. पुण्यात सावली नाहीशी होते त्या दुपारी नाशिकला मीटरभर काठीची सावली जेमतेम अडीच सेंटीमीटर पडते. तेवढ्या सावलीवरून कोन काढून, दोन शहरांमधल्या सुमारे १६५ किलोमीटर अंतराशी गुणोत्तर मांडलं की पृथ्वीचा परीघ निघतो. इजिप्तमध्ये इरॅटोस्थेनीसने बावीसशे वर्षांपूर्वी हेच केलं. मुलांचं उत्तर पहिल्या खेपेला चुकेल, कारण सूर्य अर्ध्या अंशाची तबकडी असल्यामुळे सावलीची कड सेंटीमीटरभर पुसट असते. मग ती लांबची गावं शोधतील. कोल्हापूरच्या शून्य सावलीच्या दिवशी धुळ्यात सात सेंटीमीटर मिळतात, आणि चूक आपोआप लहान होते. उत्तरापेक्षा ही चूक हाताळण्यात त्यांचं जास्त शिक्षण होतं.

एवढा खटाटोप कशासाठी, पुस्तकात ऋतूंची कारणं छापलेली आहेतच, असं कुणी म्हणेल. छापलेलं वाचून काय होतं याचा एक नमुना प्रसिद्ध आहे. १९८७ साली हार्वर्ड विद्यापीठात पदवीदान समारंभात नवे पदवीधर, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक अशा २३ जणांना कॅमेऱ्यासमोर ऋतू का होतात किंवा चंद्राच्या कला का दिसतात, हे विचारलं गेलं. २१ जणांची उत्तरं चुकीच्या समजुतींवर उभी होती. बऱ्याच जणांच्या मते उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते. वास्तविक पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपल्याकडे थंडी पडते तेव्हा. हे २३ जण काही अडाणी नव्हते. त्यांनी आकृती पाहिलेली होती, परीक्षेत ती काढलेलीही असणार. पण आकृती आणि अंगावरचं ऊन यांची गाठ कधी घालून दिली गेली नव्हती. आपल्या मुलांपुढचा पेच आणखी निराळा आहे. पुस्तकातली समजूत जून-जुलैत सर्वांत जास्त ऊन सांगते आणि आपल्याकडे मे सर्वांत तापतो, कारण जूनमध्ये पाऊस येऊन ऊन अडवतो. ज्याच्या वहीत सावलीचा, तापमानाचा आणि पावसाचा असे तीन रकाने आहेत, त्यालाच ही गुंतागुंत दिसेल.

हे विचार नवे नाहीत आणि परकेही नाहीत. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं तेव्हा मॉंटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, बिया, पानं, खडे यांवर मुलांना मोजायला आणि वर्ग पाडायला शिकवलं. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांबरोबर त्यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, म्हणजे शाळा कुरणावर नेली. डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम काढून बसले. तिथून निघालेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस शेती, पशुपालन, सुतारकाम-लोहारकाम, ऊर्जा असं खरं काम करायचं, असं ठरलं. पण नोंदीच्या बाबतीत सगळ्यात कडक प्रयोग झाला तो शेजारच्या मध्य प्रदेशात. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये सोळा शाळांत सुरू झाला, १९७८ मध्ये सगळ्या जिल्ह्यात पसरला, १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेने तो सांभाळला. पुण्यातला कारखाना तात्पुरता सोडून अरविंद गुप्ता तिथेच गेले होते. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून आकार जोडण्याची त्यांची ओळख त्या मुक्कामातली आहे. या कार्यक्रमाच्या ‘बाल वैज्ञानिक’ पुस्तकांत प्रयोग आणि प्रश्न होते, तयार उत्तरं नव्हती. ती मुलाने आपल्या वहीत लिहायची होती. परीक्षेला पुस्तक जवळ ठेवता येई आणि प्रयोग करून दाखवावे लागत. पडलेले प्रश्न मुलं ‘सवालीराम’ नावाच्या काल्पनिक माणसाला पत्राने विचारत आणि त्यांना उत्तरं जात. वही ही परीक्षेची चीज झाली, म्हणून ती रिकामी राहिली नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप संशोधकांचा आहे आणि तो हलका नाही. मुलांना मोकळं सोडून ‘शोधा’ म्हटलं तर ती शोधत नाहीत, असं पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ च्या एका गाजलेल्या लेखात बजावून सांगितलं. त्याआधी २००४ मध्ये डेव्हिड क्लार आणि मिलेना निगम यांनी तिसरी-चौथीच्या मुलांना उतारावरून चेंडू सोडायला दिले होते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे ज्यांना नीट समजावून सांगितलं त्यांच्यातल्या ७७ टक्के मुलांना ते साधलं. ज्यांना नुसतं खेळायला सोडलं त्यांच्यातल्या २३ टक्क्यांनाच. कृतीच्या भाबड्या समर्थकांना हे आकडे बोचतात. मला मात्र ते माझ्याच बाजूचे वाटतात. त्या मुलांना जे सांगितलं गेलं ते उत्तर नव्हतं, तुलना कशी करायची ते होतं. परड्या दोन घे, जागा बदल, बाकी काही बदलू नकोस, हे मोठ्यांनी सांगायलाच हवं. मूल त्यानंतर काय पाहतं हे त्याचं. मार्गदर्शन नको, असं तर ताराबाईही म्हणाल्या नव्हत्या.

दुसरा आक्षेप शिक्षकांच्या खोलीतून येतो: वेळ कुठे आहे, आणि मुलाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर? वेळेचं गणित सोपं आहे. सावलीला आठवड्यातून दहा मिनिटं लागतात, पावसाला रोज दोन. सरळ बाजूंच्या डब्यात साठलेलं पाणी पट्टीने मोजलं की झालं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे घनफळाच्या धड्याचंच उदाहरण. सकाळी साडेआठला मोजायचं, कारण वेधशाळाही तेव्हाच मोजते, आणि अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भरलं तरच तो ‘पावसाचा दिवस’ धरायचा. उत्तराची भीती मात्र खरी आहे. ‘बघू, मोजून ठरवू’ हे वाक्य शिक्षकाला फळ्यासमोर उभं राहून म्हणता यायला हवं, आणि ते म्हणायला प्रशिक्षण लागतं, वरिष्ठांची पाठराखण लागते. होशंगाबादने ती दरमहाच्या शिक्षक-बैठकांतून दिली. तरीही ३० वर्षांनी, २००२ मध्ये, राज्य सरकारने तो कार्यक्रम बंद केला. उरलेली व्यवस्था पाठांतर मोजत असेल तर एक चांगला विषय तिच्यात एकटा टिकत नाही, एवढा धडा त्यातून घ्यायलाच हवा. म्हणून वहीला गुण नसतील तोवर वही रिकामीच राहील, हेही स्पष्ट म्हटलं पाहिजे.

तिसरा आक्षेप पालकांचा, विशेषतः ज्यांच्या घरात पहिलंच मूल शाळेत गेलं आहे अशांचा. माती कालवायला आणि पेरायला शाळा कशाला हवी, ते आम्ही जन्मभर केलं. मुलाला इंग्रजी आणि गणित शिकवा. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडलेल्या नई तालीमलाही हाच संशय आडवा आला होता, की गरिबांच्या पोरांना काम आणि श्रीमंतांच्या पोरांना पुस्तकं. हा संशय उपदेशाने फिटत नाही. तो फिटतो तो कामातून अक्षर आणि अंक निघताना दिसले तर. तारीख, मोजमाप, तक्ता, आलेख, चार ओळींचं निरीक्षण: घटाच्या नोंदीत भाषा आणि गणित दोन्ही आहेत, आणि मुलाला लिहायला स्वतःचं काहीतरी आहे. नुसती पेरणी शिकवणारी शाळा पालकांनी नाकारली तर ते शहाणेच आहेत.

चौथा आक्षेप उलट बाजूचा आहे. घट, संक्रांत, मृगाचं वाहन या वाटेने विज्ञान शिकवायचं म्हणजे श्रद्धेला मागच्या दाराने वर्गात घ्यायचं, आणि वर्गात सगळ्या धर्मांची मुलं असतात. यातला दुसरा भाग मान्य करून चालावं: देवघरातला घट देवघरात राहो, वर्गात धान्याच्या दोन परड्या पुरेशा आहेत, आणि सावली-पाऊस कुणा एकाचे नाहीत. पहिल्या भागाबद्दल मला उलटं वाटतं. लोकसमजुती म्हणजे पिढ्यांनी मांडलेले अंदाज आहेत, आणि अंदाजाचं करायचं असतं ते तपासणं. बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांत पाऊस येतो म्हणतात. शाळेच्या वाटेवरच्या बहाव्याला पहिला घोस कधी आला आणि पहिला अडीच मिलिमीटर पाऊस कधी पडला, हे पाच वर्षं लिहिलं की म्हण खरी किती आणि सोयीने आठवलेली किती, ते मुलंच सांगतील. यंदा मृगाचं वाहन बेडूक होतं की गाढव, आणि पाऊस किती पडला, याचाही तक्ता होऊ शकतो. त्यातून जो निष्कर्ष निघेल तो कुणाच्या भाषणापेक्षा मुलांना जास्त पटेल.

शहरातल्या सदनिकेत ऋतू कुठून आणायचे, ही तक्रार आता उरते. सावली गच्चीवर पडते, पाऊस बाल्कनीत येतो, आणि रस्त्यावरचं एक तरी झाड प्रत्येक शाळेच्या वाटेवर असतं. ‘सीझनवॉच’ या देशव्यापी उपक्रमात शाळकरी मुलं एक झाड निवडतात आणि दर आठवड्याला त्याची कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, फळं किती, ते नोंदवतात. केरळातल्या शाळांनी या नोंदींचा मोठा भार उचलला आहे. ऋतू सरकताहेत असं आपण सगळेच म्हणतो; आंबा कधी मोहरला, पळस कधी फुलला याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी नसतील तर ते बोलणं गप्पांपलीकडे जात नाही. या कामाला संशोधकांची संख्या कधीच पुरणार नाही, मुलांची पुरते.

म्हणून एक साधी सूचना. शाळेने वर्षाला चारच नोंदी धराव्यात: पावसाळ्यात रोजचा पाऊस, नवरात्रात दोन परड्या, डिसेंबर-जानेवारीत सावली आणि वर्षभर एक झाड. किट नको, लॅब नको. एक अट मात्र कडक हवी: ही वही वर्ष संपल्यावर मुलाबरोबर रद्दीत जाऊ नये. ती शाळेच्या कपाटात राहावी, आणि जूनमध्ये सहावीत येणाऱ्या नव्या मुलांच्या हातात पहिल्या दिवशी द्यावी. मागच्या वर्गाचा पहिला पाऊस त्यांना तिथे लिहिलेला दिसेल, त्यांचे अंदाज दिसतील, चुकलेली मापंही दिसतील. मग ‘यंदा काय होईल?’ हा प्रश्न शिक्षकांना विचारावा लागणार नाही, तो मुलंच विचारतील. दहा वर्षांनी त्या कपाटात त्या गावाच्या ऋतूंची अशी माहिती असेल जी कुठल्या पाठ्यपुस्तकात छापता येणार नाही, कारण ती फक्त त्या गावाची असेल.